शून्य सावलीला मंडप

रईसा मॅडमच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं शाळेत सगळेच म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. फळ्यावर कुणी पृथ्वीची जवळजवळ गोल कक्षा अंड्यासारखी लांबुळकी काढली की त्या चिडायच्या. तारे आणि ग्रह यांतला फरक विचारल्यावर कुणी नुसतं खांदे उडवले की चिडायच्या. पण सगळ्यात जास्त चिडायच्या त्या एका अगदी साध्या वाक्यावर. "बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला," असं कुणी म्हटलं की संपलंच.

"कुणाच्या डोक्यावर आला?" त्या कडाडायच्या. "जा बाहेर. मैदानात उभा राहा आणि सावली दिसते का बघ. दिसली तर तो डोक्यावर नाही, बाजूला आहे. बघायचं नाही आणि बोलायचं!"

या रागाचं मूळ अजिंठ्यात होतं. तिथं त्यांच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रईसा चौथीत असताना गुरुजींनी वर्गात सांगितलं, रोज दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. थंडीचे दिवस होते. पोरगी मधल्या सुट्टीत मैदानात जाऊन उभी राहिली. सावली कुठली पायाखाली! जवळजवळ तिच्याएवढीच लांब सावली उत्तरेकडं पसरलेली. तिनं आत जाऊन गुरुजींना ते सांगितलं आणि उलट बोलते म्हणून गालावर एक सणसणीत खाल्ली. घरी अब्बा म्हणाले, "मास्तर बोले तो बरोबरच बोले होंगे." गालाचं दुखणं संध्याकाळपर्यंत गेलं. पण आपण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं गेलं, याचा संताप मात्र मुक्कामाला राहिला.

पुढं बी.एस्सी. झाल्यावर त्यांना खरा प्रकार कळला. थंडीत सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो. मग तो रोज थोडा थोडा उत्तरेकडं सरकतो आणि मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास एका दुपारी खरोखर, अगदी ओळंब्यात, आपल्या शहराच्या माथ्यावर येतो. त्या क्षणी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तोही बाराला नव्हे. घड्याळातले बारा मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाच्या रेषेवरून ठरलेत आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. आपल्याकडं सूर्य उशिरा पोचतो, त्या दिवशी बारा पंचवीसला. तिथून तो मध्य प्रदेशातल्या कर्कवृत्तापर्यंत सरकतो, पलीकडं जात नाही. दिल्लीत कितीही मोठा माणूस असो, सूर्य त्याच्या डोक्यावर कधीच येत नाही. हे सांगताना मॅडमच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसायचं.

सिडकोतल्या या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. फळ्यावर शून्य सावली दरवर्षी समजावली, आकृत्या काढल्या, चेंडू आणि टॉर्च घेऊन नाचल्या. पण मुलांना ती प्रत्यक्ष दाखवणं एकदाही जमलं नाही, कारण मे महिना म्हणजे सुट्टी. शाळेला कुलूप आणि पोरं मामाच्या गावाला. आणि आता निवृत्ती येऊन ठेपली. शाळेत नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख एक जून लिहिली गेली, तशी त्यांचीही. त्या हिशेबानं एकतीस मे हा नोकरीचा शेवटचा दिवस. म्हणजे या वर्षी दाखवली तर दाखवली.

त्यांनी सातवीच्या प्रत्येक घरी फोन करून मुलांना शून्य सावलीच्या दिवशी शाळेत बोलावलं. आईबाप म्हणाले, एवढ्या उन्हात पोरं बाहेर काढता? मॅडम म्हणाल्या, टोपी घाला, पाण्याची बाटली द्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. लग्नाला नेता तेव्हा ऊन लागत नाही का? निम्मे पालक भीतीनं कबूल झाले. संस्कृती नावाची मुलगी गंगापूरला मामाकडं होती. ती त्या दिवशी सकाळच्या जीपनं परत यायला तयार झाली. घरून सरळ उभी राहणारी एक वस्तू आणा, असं मॅडमनी बजावलं होतं. संस्कृतीनं मामीचं धान्य मोजायचं पितळी मापटं आणलं.

त्या दिवशी दहा वाजता मॅडम फाटकातून आत आल्या आणि जागीच थबकल्या. मैदानावर मंडप होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पिवळं कापड ताणलेलं, खाली खुर्च्या, पुढं स्टेज. सगळ्या मैदानावर गारेगार सावली. सावली नाहीशी होताना बघायच्या दिवशी!

शिडीवर सांडू मंडपवाला शेवटची दोरी आवळत होता.

"ये कायकू बांधे?" राग फार चढला की मॅडम घरच्या दखनीत घसरायच्या. "अक्कल है के नई? खाली उतर आधी!"

"मला सरांनी सांगितलं मॅडम, मी बांधलं," सांडू वरूनच म्हणाला. "पाव्हण्यांला ऊन लागंल ना. लई ऊन हाय आज."

"ऊनच पाहिजे मला! उन्हासाठीच बोलावलंय सगळ्यांना!"

सांडूनं हे नक्की कसलं बोलणं, अशा नजरेनं पाहिलं आणि गाठ पक्की केली.

हेडमास्तर काळवणे सर हसत हसत सामोरे आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. "मॅडम, तुमच्यासाठीच केलंय सगळं," ते म्हणाले. "मुलं येणारच आहेत, तर म्हटलं तुमचा सत्कारही करू. संस्थेचे अध्यक्ष येतायत. अण्णा स्वतः हो म्हणाले."

"सर, मंडपात सूर्य कसा दिसणार?"

"बारापर्यंत उरकू की. मग तुम्ही मुलांना बाहेर घेऊन जा, फाटकासमोर रस्ता मोकळाच आहे."

मॅडमनी पुष्कळ आदळआपट केली. सत्कार नको म्हणाल्या, शाल नको म्हणाल्या, अण्णांना एक तारखेला बोलवा म्हणाल्या. सर ऐकत होते आणि हार कुठं ठेवायचे ते शिपायाला खुणेनं दाखवत होते. ज्याच्यासाठी मांडव घालतात त्याला कुणी विचारत नाही, मग ते लग्न असो की निवृत्ती. शेवटी बाराच्या बोलीवर त्या गप्प बसल्या. गप्प म्हणजे फक्त तोंडानं.

अकराला यायचे ते अण्णा साडेअकराला निघाले. पावणेबाराला ते टी.व्ही. सेंटरच्या चौकात पोचले होते. बाराला त्यांचा मेहुणा वाटेत भेटला होता. दर वेळी फोन ठेवून सर म्हणायचे, "आलेच." मुलं वस्तू मांडीवर घेऊन रांगेत बसली होती. कुणाकडं पावडरचा डबा, कुणाकडं थर्मास. मॅडम स्टेजवरच्या खुर्चीत धुमसत होत्या. सूर्याला कुणी फोन करत नव्हतं आणि तो तरीही वेळेवर येत होता.

सव्वाबाराला त्या उठल्याच. "झालं सर. मी मुलांना नेते."

"दोनच मिनिटं," सर घाईनं म्हणाले. "अण्णा नसले तर नसले, मी बोलतो. तुमच्याबद्दल दोन शब्द आणि मोकळं करतो." आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शाल मॅडमच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला आणि माइक ओढला. मॅडमनी मनाशी ठरवलं, बारा वीसला उठायचं, मग सर काहीही बोलत असोत.

पण सर निराळंच बोलायला लागले. "या शाळेत आल्यापासून रईसा मॅडम माझ्यावर किती वेळा चिडल्या याची मोजदाद नाही," ते म्हणाले. मुलं हसली. "प्रयोगशाळेचं कुलूप गंजलं म्हणून चिडल्या. मुलींच्या बाथरूमला कडी नाही म्हणून चिडल्या. एका पोरीचं दहावीत शाळेतून नाव काढत होते, तर बापाच्या घरी जाऊन चिडल्या. मी काल रात्री आठवत बसलो होतो. एवढ्या वर्षांत ही बाई स्वतःसाठी एकदाही चिडली नाही."

मॅडमनी मान वर केली. असं त्यांच्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. घरी, शाळेत, नात्यात, सगळ्यांनी त्यांचा राग म्हणजे एक व्यंग असल्यासारखा सोसला होता. भांडखोर, तिरसट, आगीचा लोळ, हेच कानावर पडलेलं. आणि इथं माइकवरून, सगळ्यांसमोर, कुणीतरी तो राग उलगडून त्याच्या आतलं काय ते दाखवत होतं. त्यांचे डोळे भरून आले. सर एकेक प्रसंग सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या.

मधेच दुसऱ्या रांगेत संस्कृती उठून उभी राहिली. मापटं छातीशी धरून ती दुसऱ्या हातानं वर, मंडपाच्या कापडाकडं बोट दाखवत होती. मॅडमनी भाषणावरून कान न काढता तिला हातानं खूण केली. बस खाली. ती बसली.

टाळ्या झाल्या तेव्हा मॅडमनी घड्याळ पाहिलं. बारा बत्तीस.

नारळ खुर्चीत टाकून त्या ओरडल्या, "उठा! बाहेर पळा!" खुर्च्या कोलमडल्या, सगळा वर्ग धावत फाटकाबाहेर गेला आणि सिमेंटच्या रस्त्यावर टोप्या सावरत मुलांनी वस्तू उभ्या केल्या. ऊन अंगावर ओतल्यासारखं पडत होतं.

"गेली!" कुणीतरी ओरडलं. "मॅडम, माझी सावली गेली!" मग सगळेच नाचायला लागले. पायाखाली पाहिलं तर खरंच काही दिसत नव्हतं. काळवणे सर घाम पुसत मागोमाग आले. "वा, मॅडम! साधलं की शेवटी!"

मॅडमनी संस्कृतीच्या मापट्याकडं पाहिलं. मापट्याच्या पूर्वेच्या अंगाला नखाएवढी काळी कड होती. संस्कृती नाचत नव्हती. उकिडवी बसून तिनं त्या कडेवर बोट ठेवलं होतं आणि ती मॅडमकडं बघत होती.

गप्प राहणं किती सोपं होतं! मुलं खूश, सर खूश, निरोपाचा दिवस गोड. कुणाला कळणार होतं? पण चौथीतल्या एका पोरीनंही असंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गेली नाही," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. "नाचू नका, खाली वाका आणि नीट बघा. मापट्याच्या या बाजूला बघा. ही सावली गेली होती, ती परत आलीय. सूर्य पुढं सरकला. आपल्याला उशीर झाला."

नाच थांबला. पोरं वाकली आणि एकेकाला आपापल्या डब्याची कड दिसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अण्णांमुळं झालं हे." तेही मॅडमना सोपं गेलं असतं. सकाळपासून त्या मंडपावर, अण्णांवर, सरांवर जळत होत्या. त्यातला एकही राग आता कामाचा नव्हता.

"मी उठले व्हते मॅडम," संस्कृती हळूच म्हणाली. "तुम्ही बस म्हणल्या."

"म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "अण्णांनी नाही, मी उशीर केला. माझं कौतुक चाललं होतं, ते मला गोड लागत होतं. सूर्य डोक्यावर होता आणि मी कौतुक ऐकत बसले. चूक माझी आहे." स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती त्यांना. इतका राग त्यांना आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

मॅडमची चूक मुलांनी कधी पाहिली नव्हती, मग कबूल केलेली कुठून पाहणार? संस्कृती मात्र कडेकडं टक लावून काहीतरी जुळवत होती.

"मॅडम, थंडीत तो दक्षिणेला असतो ना? म्हंजी उत्तरेला गेला तरी परत येतच आसंल. मग येतानी पण आपल्यावरूनच येणार की."

हे मॅडमनी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. "येतो," त्या म्हणाल्या. "जुलैच्या चोवीस तारखेच्या आसपास. पण तेव्हा आभाळ असतं गं. मी दरवर्षी वर बघते, दरवर्षी ढग. आणि मी तर शाळेत नसणार."

"मी आसन ना," संस्कृती म्हणाली आणि खडूनं मापट्याच्या कडेची रेघ ओढायला लागली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. कोपऱ्यावरून पांढरी गाडी वळली होती. "अण्णा आले, अण्णा आले!" सर धावले. "बाजूला व्हा रे! उचला ते डबे, गाडी आत घ्यायचीय!"

पोरं भराभरा डबे उचलायला लागली. संस्कृती उठली, पण मापटं तिनं उचललं नाही. हॉर्न पुन्हा वाजला, तशी ती गाडीकडं वळून तारस्वरात ओरडली, "थांबवा की गाडी! दिसत नाय का? आमचं काम चालू हाय!"

काळवणे सरांनी हादरून मॅडमकडं पाहिलं. आवरा हिला, असं त्यांचे डोळे म्हणत होते. रईसा मॅडमनी शाल काढून सरांच्या हातात दिली आणि गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.