ड्रायव्हरांची झोप राखणारी मंदाबाय

मंदाबाय गेली ती झोपेत. चिरनेरहून तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या ऑफिसात नुकतीच पर्स ठेवत होते. रडू आलंच, पण त्याच्या मागोमाग हसूही आलं, खोटं कशाला बोलू. जन्मभर दुसऱ्यांच्या झोपेची उठाठेव केली आणि स्वतः कुणाला त्रास न देता झोपेतच निघून गेली... मानलं बाई तुला. गेला महिनाभर भेटेल त्याला मी तिच्याच गोष्टी सांगत सुटलेय.

आमचं काम ट्रान्सपोर्टचं. लोखंडाच्या बाजारात माल भरायचा आणि घाट चढून पुण्याकडे पोचवायचा. कोणत्या गाडीवर कोण जाणार आणि कधी निघणार, हे मंदाबाय ठरवायची. मी शेजारच्या टेबलावर बिलं बनवायचे. तिचा आवाज असा खणखणीत की बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत असले तरी तिची हाक पार गेटपर्यंत ऐकू जायची. डब्यात बहुतेक वेळा सुकट. एसीत तो वास कोंडला की आमचे शेठ नाक मुरडायचे, आणि थोड्या वेळाने तेच येऊन तिच्या डब्यातले दोन घास खाऊन जायचे.

तिची एक पद्धत होती. घाट चढणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने आधी तिच्या टेबलापाशी उभं राहून सुईत दोरा ओवायचा. ओवला तर गाडीची किल्ली मिळणार, नाहीतर मागच्या खोलीत जाऊन गुमान झोपायचं. भल्या मोठ्या मिशांचे गडी एक डोळा मिटून, जीभ दातात धरून त्या सुईशी झुंजायचे आणि बाय गालातल्या गालात हसायची. ओवलेला दोरा वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांच्या शर्टाची तुटकी बटणंही लावून द्यायची. मध्ये काही दिवस आमच्या जुन्या बबनरावांना काही केल्या दोरा ओवता येईना. रोज तेच. जागरणं करता म्हणून बायने त्यांना चारचौघांत असं काही झापलं की बिचारे रडकुंडीला आले. मग कळलं, त्यांना चाळिशी लागली होती! बायने कान पकडले आणि स्वतः त्यांना पनवेलला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. येताना दोघंही भेळ खाऊन आली, आणि आमच्यासाठी काही आणलं नाही म्हणून मी दिवसभर फुगून बसले.

पण एक दुपार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चाकणच्या एका कारखान्याचं काम शेठना नुकतंच मिळालं होतं. त्या कामाच्या मागे त्यांनी चपला झिजवल्या होत्या. पहिलाच माल त्याच दिवशी पोचायला हवा होता आणि मोकळा ड्रायव्हर एकटा रफीक. तो गुजरातहून सकाळीच परतलेला, डोळे लालभडक. त्याला सुई धड दिसतही नव्हती. तरी शेठच्या धाकाने म्हणत होता, जाऊ द्या बाय, इन्शाअल्ला पोचेन. बायने टेबलावरची किल्ली उचलली आणि सरळ कमरेला खोचली. आता ती काढायची कुणाची छाती होती!

शेठ केबिनमधून तणतणत आले. गाडी माझी, धंदा माझा, तुझ्या सुईदोऱ्यापायी हे काम गेलं तर उद्यापासून येऊ नकोस, असं सगळ्यांसमोर सुनावलं. बायच्या घरात तेव्हा मिळवती ती एकटीच, आणि हे शेठनाही ठाऊक होतं. बाय खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही.

"गाडी तुमची हाय शेठ," ती म्हणाली. "पन रफीक तुमचा नाय. तो त्याच्या पोरींचा हाय. त्यांना इचारून या, मी किल्ली देते."

मग तिने स्वतःच चाकणला फोन लावला आणि सांगून टाकलं की आमचा ड्रायव्हर दमलाय, माल उद्या येईल.

काम गेलं. शेवट गोड वगैरे काही झाला नाही, दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने ते उचललं. शेठ दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत, पण तिला काढायचा विषयही पुन्हा निघाला नाही. रफीक मात्र संध्याकाळपर्यंत खुशाल घोरत होता. आज त्याच्या पोरी कॉलेजात जातात, आणि झोपेपायी आमचा एकही माणूस घाटात दगावला नाही.

म्हणूनच ती गेल्यावर मला दुःखापेक्षा धास्ती जास्त वाटत होती. आता शेठना अडवणार कोण? माझ्यात तर तो दम नाही.

परवा बिलांवर सही घ्यायला शेठना शोधत होते. केबिन रिकामी. बघते तर काय, मागच्या खोलीचं दार लोटलेलं आणि शेठ बाहेर स्टुलावर बसलेले, कानाला फोन. पलीकडचं गिऱ्हाईक इतकं तापलं होतं की त्याचा आवाज मला पॅसेजमध्ये ऐकू येत होता. दाराआडून घोरणंही. एरवी सगळं ऑफिस डोक्यावर घेणारे आमचे शेठ फोनवर हाताचा आडोसा धरून अगदी कुजबुजत म्हणाले, "साहेब, जरा हळू बोला ना... आत माणूस झोपलाय."