बिनलेन्सचे तीन आठवडे
"केराटोकोनस तर आहेच, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही झालाय," क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी टेबलावर मूठच हाणली. एक रोग कमी होता व्हय?

केराटोकोनस म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच पातळ होऊन भोवऱ्यासारखी टोकदार होते. दिवा एक, दिसतात पाच. पोरवयात मेंढरांमागं धुळीत हिंडताना डोळे लई खाजायचे. उपटून फेकावेत असं वाटायचं. मी मुठीनं रगडायचो. त्या चोळण्यानंच हा रोग बळावतो. तुम्ही हात बांधून घ्या, पण डोळे चोळू नका.

माझ्या मुठीनं डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. "टोरिक लेन्स बसवू." म्हणजे मोतीबिंदू काढून आत घालायचं भिंगच तिरपा नंबर कमी करणारं. "टोक मात्र तसंच राहील, खोटं सांगणार नाही. आणि मोजमापाआधी तीन आठवडे तुमची कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालायची नाही. तिच्या दाबानं मोजमाप चुकतं."

त्या लेन्सवर तर माझी नोकरी होती. दुष्काळात मेंढरं विकली, चराईच्या माळावर प्लॉटिंग झालं, अन् तिथल्याच बिल्डिंगवर मी वॉचमन. लेन्स काढली की माणसं म्हणजे धुरकट खांब.

लेन्स काढल्यापासून नवव्या दिवशी पाण्याचा टँकर आला. शिव्या, ढकलाढकली, घागरीवर घागर. कुणीतरी बायकोला कोपर मारलं, ती पडली. तिच्यावर एक पांढरा शर्ट वाकलेला दिसला. मी काठी घातली. हाड वाजलं.

"दादा, मी हाय!"

मारुती. माझा धाकटा भाऊ. वहिनीला उचलत होता. फटका भुवईवर बसला, डोळा बोटभरानं वाचला. रक्तानं शर्ट भिजला. सात टाके पडले.

घरी मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या. लेन्सची डबी उघडली, तशी बायको कडाडली, "आता घातली तर परत पहिल्यापासून तीन आठवडे! अजून किती डोकी फोडायचीत?" डबी मिटली. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी रजा टाकावी, पण गर्दीत जाऊ नये.

मारुती माझ्याशी बोलायचा बंद झाला. मोजमाप झालं, मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. दुखत नाही, पण आत काहीतरी फोडून ओढताहेत हे कळतं. मशीन घरघरत होतं, माझ्या मुठी वळल्या. "काका, हात सैल सोडा. मारामारी नाही ही," बाई म्हणाल्या. मी मुठी सोडल्या.

दुसऱ्या दिवशी नर्सनं पट्टी काढली. भिंतीवरची अक्षरं कडेला जराशी फाकलेली, पण वाचता येत होती. अन् दारात मारुती. भुवई मधोमध चिरलेली, तिथं केस नाहीत, टाक्यांच्या लाल खुणा. माझ्या हातची करणी मी पहिल्यांदा नीट बघितली अन् ढसाढसा रडलो.

"दिसतंय का, दादा?"

"सगळं दिसतंय रे. माफ कर मला."

त्यानं चिरलेल्या भुवईवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "दुसरा डोळा होईस्तोवर टँकरवर मी जातो. ती खुर्चीला टेकलेली काठी दे माझ्याकडं."

दिली.