रांजणाच्या पाण्यावर पळणारा फोर-एटी-सिक्स

किस्से काही ठरवून साठत नाहीत. कुणाच्या तरी घरच्या लग्नात आम्ही चौघं भेटतो, एकजण "ते रांजणाचं सांग ना!" म्हणतो, आणि पंगत उठली तरी आम्ही तिथंच!

परभणीत बसस्टँडजवळ अप्पांचं डीटीपी सेंटर होतं, तिथली ही आम्ही मंडळी. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीचा उन्हाळा. अप्पा मालक, जिंतूरचं कापडदुकान भावाच्या हवाली करून इकडं आलेले. दिगंबर डिप्लोमावाला, मशीन सांभाळायचा. मी, सुनंदा, ऑपरेटर. आणि शेजारी कूलर-रेडिएटर दुरुस्त करणारे मुनीरभाई, जे आपल्या दुकानापेक्षा आमच्याच बाकड्यावर जास्त असायचे.

*

मशीन म्हणजे कॉम्प्युटर एकच, फोर-एटी-सिक्स प्रोसेसरचा, तेहेतीस मेगाहर्ट्झचा. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग. दिगंबरला कुठूनतरी कळलं, की बोर्डावरचा जंपर नावाचा चिमुकला तुकडा हलवला की तोच प्रोसेसर चाळीसवर, अगदी पन्नासवरही पळतो. त्यानं चाळीसवर नेला. मशीन दुपारपर्यंत पळालं आणि जागच्या जागी थिजलं. परभणीचा मे महिना! दिगंबरनं प्रोसेसरला बोट लावलं आणि ओरडलाच.

अप्पांनी चष्मा वर केला. "काय झालं रे?"

"अप्पा, मशीनला ताप आलाय."

"मग बघत काय बसलास? पाण्याच्या पट्ट्या ठेव!"

अप्पांनी चेष्टा केली होती. दिगंबर मात्र हसला नाही. उठला आणि तडक मुनीरभाईंकडं गेला.

*

मुनीरभाईंनी तांब्याच्या पत्र्याची काडेपेटीएवढी बंद डबी केली. ती प्रोसेसरवर बसणार, कूलरचा पंप आमच्या कोपऱ्यातल्या रांजणातलं पाणी एका नळीनं तिच्यात सोडणार आणि दुसऱ्या नळीनं ते परत रांजणात येणार.

"भाई, पानी अंदर गिरा तो?" दिगंबरचा जीव वरखाली.

"गिरा तो पहले मेरेकू मारना!"

पण त्यांनी डबी लगेच बसवू दिली नाही. स्वतःच्या दुकानात वर्तमानपत्रावर ठेवून दिवसभर तिच्यातून पाणी खेळवलं. संध्याकाळी तो कागद अप्पांच्या हातात दिला. एक डाग नाही! तेव्हा म्हणाले, "अब लगाव."

मशीनमध्ये थेंब पडला असता तर सेंटर बंद आणि आम्ही घरी, हे त्यांना न सांगता कळत होतं. आजही मी त्यांना ईदला फोन करते तेव्हा तो कोरडा कागदच डोळ्यांपुढं येतो.

*

ताडकळसचे एक काका मुलीची पत्रिका न्यायला आले. उन्हानं घसा सुकलेला. मी थांबवायच्या आत त्यांनी रांजणात ग्लास बुडवला आणि घोट घेतला.

"पोरी, पाणी लय कोमट हाय गं तुमचं!"

"काका," दिगंबर म्हणाला, "कॉम्प्युटरचा ताप उतरवायलाय ते पाणी."

काकांनी ग्लासाकडं बघितलं, मग मशीनकडं बघितलं. "उतरला का मग?"

"उतरला की!"

"बरं झालं माय," म्हणाले, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं!

*

आता प्रश्न आला, स्पीड न्यायचा कुठवर? चाळीसवर मशीन दिवसभर गार. दिगंबर म्हणाला, "पन्नास." आणि खरंच पळालं की! आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी एक अख्खी स्मरणिका सेव्ह करताना स्क्रीन काळी झाली आणि फाईल गेली ती गेलीच. मला रडूच कोसळलं. दिगंबर खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मी परत टाईप करत असताना घसा बसेस्तोवर सगळा मजकूर वाचून दाखवला.

तरी त्याचा हट्ट कायम. "अप्पा, पाणी अजून गार केलं की पन्नासवर टिकतंय. शंभर टक्के."

त्या दिवसापासून मी दर ओळीला सेव्ह करायला लागले होते. पंपाचा आवाज जरा बदलला की माझे हात थांबायचे. अप्पा हे सगळं गल्ल्यावरून बघत होते.

"टिकंल बाबा. पण सुनंदा सारखी मशीनकडंच बघायलीय, कामाकडं न्हाई. ज्या स्पीडला तिला मशीनची आठवण येत न्हाई, त्या स्पीडला ठेव."

जंपर चाळीसवर आला. नोकरीत माझा असा विचार त्याआधी कुणी केला नव्हता.

*

जूनमध्ये एका कॉलेजचं काम आलं. विद्यापीठाचं नाव बदललेलं, म्हणून सगळी लेटरहेडं नव्यानं करायची. दिगंबरनं ते मला करू दिलं नाही. स्वतः केलं, आणि छापायला देण्याआधी येलदरीहून वडलांना बोलावून घेतलं.

नामांतरासाठी ते जेलमध्ये जाऊन आलेले. अक्षरं म्हातारपणी शिकलेले, एकेक जोडून वाचायचे. पांढरं धोतर नेसून आले, खुर्चीच्या कडेला बसले.

मशीनवर टर्बो नावाचं एक बटण होतं. ते बंद केलं की मशीन अगदी रांगायला लागायचं. आम्ही ते कधीच बंद केलं नव्हतं. दिगंबरनं फाईल उघडायच्या आधी ते बंद केलं.

अप्पा दचकले. "का रे, बिघडलं का काय?"

"न्हाई अप्पा. आज घाई न्हाई."

स्क्रीनवर विद्यापीठाच्या नव्या नावाचं एक अक्षर उमटलं. थोड्या वेळानं दुसरं. वडील बोट पुढं करून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेले. मुनीरभाई दारातच उभे राहिले. शेवटचं अक्षर आलं.

वडील दिगंबरच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,

"पुसून परत काढ रं."