‘मात्र’ लिहायचं राहिलं

सुमनताई मेश्राम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सब्जी निवडत होते. उठले, बसले, पुन्हा उठले... महिना होत आला, अजून एका जागी धड बसवत नाही. चारच दिवस आधी दवाखान्यात मी त्यांच्याशी जे वागले ते बरोबर की चूक, हे सांगणारं आता कुणी नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझे यजमान गेले. लखनऊ छावनीतलं क्वार्टर सोडायचं होतं, पदरात दोन लेकरं, आणि डाकघराचं पासबुक मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. दीर म्हणाले, “वहिनी, पैसे काढायच्या कोऱ्या फॉर्मवर सही करा, बाकी मी बघतो.” मी केली. नाही कसं म्हणायचं? शेजारच्या सुमनताई डाकघरात कारकून, आमच्याच नागपूरकडच्या. त्यांनी दिरांसमोर तो फॉर्म टराटरा फाडला. मला इतका राग आला की आठवडाभर त्यांच्या ‘जय भीम’ला मी उत्तर दिलं नाही.

मग लेकाची फी भरायची वेळ आली आणि गेलेच त्यांच्याकडे. दर रविवारी बुद्धवंदना आटोपली की त्यांच्या खोलीत आम्ही जमायचो. नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, आणि एक विधुर हवालदार. “बहनजी, घर का खर्चा तो वही देखती थीं,” म्हणून ते मान खाली घालायचे. आधी भाडं, मग दूध, मग फी, ताई बोटांवर मोजून घ्यायच्या. पण फॉर्मवर एक अक्षर लिहून द्यायच्या नाहीत. “मी भरून देईन, अन् उद्या मी नसले तं?” रक्कम अक्षरी, पुढे ‘मात्र’, मग आडवी रेघ, म्हणजे कुणाला पुढे काही घुसडता येत नाही. माझे अकरा फॉर्म वाया गेले. “अच्छा, बारावा घे,” त्या हसायच्या.

त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या बोटांत जोर उरला नव्हता. औषधांसाठी पैसे काढायचे होते. फॉर्म पुढे सरकवून म्हणाल्या, “तू भर नं. सही तेवढी मी करते.” आणि मी ऐटीत म्हणाले, “नाही ताई, तुम्हीच भरायचा.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या की सुखावल्या, कळलं नाही. ‘दोनशे रुपये’ लिहायला केवढा वेळ लागला... मग पेन गळून पडलं. “बाकीचं उद्या,” म्हणाल्या. औषधं मी माझ्या पैशांनी आणली. दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर नव्हत्या.

तो फॉर्म माझ्या पासबुकात आहे. ‘रुपये’च्या पुढे जागा मोकळीच. दोनदा पेन उघडलं आणि बंद केलं. दुसऱ्याचा फॉर्म आपण भरायचा नाही, तुम्हीच शिकवलंत ना... पण ताई, त्या दिवशी मी भरून दिला असता, तर तुम्ही खरंच चिडला असता का हो?