इंग्रजीची इर्जिक

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांइतका मोकळ्या मनाचा माणूस अख्ख्या भीमाकाठी झाला नाही, हे मी गणिताचा मास्तर असूनही पुराव्याशिवाय सांगतो. इंग्रजी बोलायला लागले की साहेबानं पाटी घेऊन समोर बसावं, आणि मराठी मात्र थेट बांधावरची. "हाय ते समद्यांचं हाय," म्हणत त्यांनी छत्री, सायकल आणि एकदा ऐन परीक्षेत स्वतःचा चष्मासुद्धा दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकला होता, आणि मग काही दिसेना म्हणून तीन तास भिंतीचंच पर्यवेक्षण केलं होतं.

दोन हजार सालानंतर शिरूरला स्टँडजवळ नेट कॅफे निघालं आणि सरांना तिथं देशोदेशीच्या भाषाशिक्षकांचा ई-मेलचा एक गट सापडला. बाकीचे लोक आपले यशस्वी धडे तिथं मांडायचे. आमचे सर दर शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं शिरूर गाठायचे आणि एका बोटानं टकटक करत आपला फसलेला तास जगाला कळवायचे. हेडमास्तर कावले, म्हणाले, शाळेची अब्रू जाते. सर शांतपणे म्हणाले, "रान पडीक हाय हे सांगितल्याबिगर नांगर घिऊन कोण यील?"

त्या वर्षी नववीचा वर्ग इंग्रजीत तोंडच उघडेना. सरांनी नाना उपाय केले, पोरं ढिम्म. शेवटी तेही गटावर लिहिलं. साताऱ्यापासून ब्राझीलपर्यंतच्या मास्तर-बाईंनी उत्तरं पाठवली. ब्राझीलच्या बाईंनी कळवलं, पोरांना पाठीला पाठ लावून बसवा आणि फोनवर बोलतात तसं बोलू द्या. सोमवारी भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "हॅलो, युवर बफेलो इज इन माय शुगरकेन." दुसरा म्हणाला, "सॉरी, शी इज नॉट लिसनिंग टू मी." मी बीजगणित सोडून दारात जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

दुसरा कुणी आभार मानून मोकळा झाला असता. सर पडले शेतकऱ्याच्या पोटचे. आमच्याकडं एखाद्याचं रान अडलं की गावचे नांगर एक दिवस त्याच्याकडं लागतात, ती इर्जिक. आणि त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं ते रानाच्या मालकानं. सरांनी अख्ख्या गटाला रविवारचं जेवणाचं आवतण धाडलं, खाली एसटीच्या वेळा.

"सर, ती माणसं कंप्युटरमधली," मी म्हणालो.

"आसंनात. पोट आसंलच की."

ब्राझीलच्या बाईंनी लिहिलं, या वर्षी जमणार नाही. सर खूश. "यंदा न्हाई, म्हंजी पुढल्या साली येत्यात."

रविवारी पुरणपोळ्यांची चळत लागली, कटाच्या आमटीचा वास गल्लीभर सुटला आणि सर कडक इस्त्रीचे कपडे घालून फाट्यावर उभे राहिले. बारा वाजून गेले. गाड्या आल्या, गेल्या. पारावरचे आप्पा म्हणाले, "मास्तर, पाव्हणं वायरीतनं येनार हायेत का?" लोक हसले. सरांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"जेवू घातलं न्हाई तर कोणच्या तोंडानं पुन्यांदा मागायचं हो?" ते म्हणाले. "आता लिहिनं बंद."

उन्हं कलल्यावरच्या गाडीतून एक बाई उतरल्या. नदीपलीकडं वरवंडला शिक्षिका होत्या, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. गटात होत्या, पण एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं.

"सर, यावं का नको, सकाळपासून ठरेना," त्या खाली बघत म्हणाल्या. "मी तिथं काहीच दिलं नाही, नुसतं घेत आले. तुमचे फसलेले तास वाचले नसते, तर पहिल्याच वर्षी नोकरी सोडणार होते."

सर त्यांना घरी घेऊन आले. त्यांनी स्वतः पाट मांडला, पोळीवर तूप वाढलं आणि म्हणाले,

"ताई, मला वाटायचं, मीच निस्ता मागतोय."

पुढल्या शनिवारी सर पुन्हा शिरूरच्या गाडीत होते. आज सर नाहीत, तो गटही बंद पडला. एवढं वाटत सुटलेल्या माणसाला त्या दिवसापर्यंत आपण मागणारेच वाटत होतो, हे पोळीवर तूप पडलं की मला अजून आठवतं.