आमचा आरोपी

आमच्या कॉलेजात गुन्हा कोणताही असो, कबूल करणारा एकच होता. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि कॉलेजनं पोलीस प्रशासनाचा पदवी अभ्यासक्रम काढला होता. मी राज्यशास्त्राचा माणूस. आवाज मोठा म्हणून विभागप्रमुख झालो. प्रात्यक्षिकात एकानं पोलीस व्हायचं, एकानं आरोपी. आरोपी व्हायला कोणीच तयार नसे. बीरगांवचा हा पोट्टा मात्र लगेच उठायचा. "मी बसतो न सर. काहून घाबरून राहिले सगळे?" तेव्हापासून त्याचं नावच आरोपी पडलं.

तो आधी साफ नाकारायचा, मग पाणी मागायचा, मग पायांकडे पाहत कबूल करायचा. सायकलचोर झाला, दरोडेखोर झाला, एकदा तर खोट्या नोटा छापणारी आजी झाला. सदर बाजारात मित्रानं हाक मारली, "अरे आरोपी, रुक ना!" तर एका सराफानं अर्धं शटर ओढून घेतलं. हा त्यालाच समजावत बसला, "भैया, मैं पढ़ाई वाला आरोपी हूँ."

त्याला स्वतःला मात्र फौजदार व्हायचं होतं. घरी एकच प्रश्न घोकायचा, "घटनेच्या वेळेस तुम्ही कुठं होते?" आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "गॅसपाशी होती रे बापा!"

शेवटच्या वर्षी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सकाळपासून हा सगळ्यांचा आरोपी झाला. त्याची पाळी आली तेव्हा बाकीचे तेलीबांधा तलावावर समोसे खायला पळाले होते. खुर्ची रिकामी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर विभागप्रमुख आरोपीच्या खुर्चीत कसा बसणार?

"सर, मीच बसू काय?"

"बस," मी म्हणालो.

उभं राहून त्यानं प्रश्न विचारला, टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसला आणि साफ नाकारलं. पाणी मागितलं, उठून स्वतःच आणलं, बसून प्यायला. शेवटी कबूल केलं आणि उजव्या हातानं स्वतःचा डावा हात धरून अटक केली. परीक्षक म्हणाले, "जाँच अधिकारी ही अभियुक्त है. जाँच निरस्त." तपास करणाराच आरोपी, म्हणून तपासच रद्द. हा नापास. पदवी अडकली, त्या साली निघालेली भरती हुकली, आणि पुढची निघेपर्यंत वय निघून गेलं.

जुने विद्यार्थी भेटले की हा किस्सा निघतोच : स्वतःलाच अटक करणारा येडा! मीही हसत आलो. आता लिहून ठेवतो, तो येडा नव्हता. त्याला एक आरोपी कमी पडत होता आणि मी शेजारीच बसलो होतो.

सध्या तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. परवा माझ्या गुडघ्याची चौकशी करायला आला. मी आरामखुर्ची सोडून लाकडी खुर्चीत बसलो.

"सर, तिथं काहून बसले?"

"विचार."

"काय विचारू?"

"तुझा प्रश्न."

तो हसला. मग उभा राहिला, पोट आत घेतलं.

"घटनेच्या वेळेस तुम्ही कुठं होते?"

आधी नाकारायचं असतं, हे त्यानंच आम्हाला दाखवलेलं. मला ते जमलं नाही.

"तिथंच होतो," मी म्हणालो.

तो आत गेला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला.