वाटीतला सासरा

सटव्याला राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या वर्षी मात्र कारण चांगलं हातभर जाड, दगडचुन्यात बांधलेलं आणि वर पाटी लावलेलं होतं.

तेलगावजवळच्या एका गावतळ्याची मातीची पाळ सटवा तीस वर्षं राखत होता. पाळीवरची बाभळीची रोपं उपटायची, घुशींची बिळं बुजवायची आणि रोज सकाळी पायथ्याशी झिरपणारं पाणी काशाच्या वाटीत धरून उन्हात निरखायचं. वाटी बायकोच्या माहेरची. तळाशी सासऱ्याचं नाव कोरलेलं, रामहरी. सटव्याला वाचता येत नसे, पण अक्षरं लख्ख दिसली की पाळ शाबूत, एवढं कळे. कडूबाई म्हणायची, लग्नात या माणसानं माझं तोंडसुद्धा इतकं निरखलं नव्हतं.

मातीची पाळ पाझरणारच, हे सटव्याचं शास्त्र. नितळ पाणी खुशाल जाऊ द्यावं; गढूळ आलं, की ते पाळीच्या पोटातली माती ओढून आणतंय असं समजावं. म्हणून त्याच्या बापानं पाझराच्या तोंडावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग गोटे असे थर दिले होते. पाणी बाहेर, माती आत.

तळ्यांवर देखरेख ठेवणारे नवे सरकारी दारोगा राधाकिशन यांना तिथे फक्त चोरी दिसली. सरकारी पाणी बिनपरवाना बाहेर जात होतं ना! त्यांनी थर उपसले, पाझर दगडचुन्याच्या भिंतीनं बुजवला आणि वर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. सटव्यानं हात जोडून समजावलं, तर म्हणाले, तळं म्हणजे मोठं मडकं. गळलं की लिंपायचं.

तेव्हापासून सटवा धुमसत होता. बैलालासुद्धा दारोगा म्हणायचा. कडूबाईला बैलाची दया यायची.

भादव्यात तळं तुडुंब भरलं आणि भिंतीपासून वीस पावलांवर पाळीच्या पायथ्याशी नवं पाणी उसळलं. सटव्यानं वाटी भरली. आत नुसती काळी राड. पाळीखाली चाळीस घरं होती, त्यातलं एक त्याचं. तो वाटी घेऊन थेट चावडीत दारोगांपुढे उभा राहिला.

"सरकार, ह्यात माझा सासरा दिसतो का बघा."

"काय बकतोस बे?"

"दिसत न्हाई ना? मंग पाळबी दिसायची न्हाई. पानी कोंडलं कावून? त्याला वाट द्या म्हनलं व्हतं, तुमी पाटी दिली."

दारोगांनी आणखी चुना आणायचा हुकूम सोडला. तीस वर्षांत सटव्यानं हुकूम मोडला नव्हता, आता मोडला. शेजारचा आसाराम आणि पाच-सहा गडी घेऊन त्यानं उसळीवर वाळूच्या टोपल्या ओतल्या, वर खडी, वर गोटे. मग भिंत थोडी-थोडी फोडत जुन्या तोंडावरही तेच थर चढवले. कडूबाई बायकांना घेऊन नदीची वाळू वाहत होती.

दिवस कलता कलता वाटीत आधी 'रा' दिसला, मग अख्खे रामहरी.

दारोगांनी वर कळवलं की पाळ त्यांच्या देखरेखीमुळे वाचली. सटव्याचा पुन्हा तिळपापड झाला. त्यातच दारोगा आपली पाटी शोधत आले. पाटी चांगली जड होती. गोटे हलू नयेत म्हणून ती त्यांच्यावर पालथी घातली होती, आणि तिच्याखालून नितळ पाणी वाहत होतं.

"माझी पाटी कुठंय?"

"कामाला लागलीय, सरकार," सटवा म्हणाला.